‘भयकेंद्रा’ची संकल्पना आणि विंचूदंशाचा पुरावा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
संकटात शरीर ‘लढा किंवा पळा’ या प्रकारे सज्ज होते, हा वॉल्टर कॅनन यांचा विसाव्या शतकाच्या प्रारंभीचा सिद्धांत अध्यापनात रूढ आहे. पुढे या सज्जतेचे सूत्रधार म्हणून मध्यमेंदूतील ‘पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे’ या करड्या भागाकडे पाहिले गेले. मात्र त्याला सरसकट ‘भयकेंद्र’ म्हणणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो.

चिकित्सा :
हा भाग एकजिनसी नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याच्या पाठीकडील व बाजूच्या स्तंभांना उद्दीपन दिल्यास प्राणी पळतो किंवा प्रतिकार करतो, रक्तदाब वाढतो. पोटाकडील स्तंभाच्या उद्दीपनाने तो निश्चल होतो आणि रक्तदाब उतरतो. याच भागाच्या उद्दीपनाने उंदरात वेदनाशमन होते, हे रेनॉल्ड्स यांनी १९६९ मध्ये दाखविले. म्हणजे भय हे येथील अनेक कार्यांपैकी एक ठरते.

१९९१ मध्ये डीकिन व ग्रेफ यांनी तीव्र भयाच्या झटक्यांचा संबंध या भागाच्या पाठीकडील स्तंभांशी जोडला. ही मांडणी मौलिक आहे. परंतु धडधड, घाम, थंड हातपाय या लक्षणांवरूनच मध्यमेंदूला कारण ठरविता येत नाही. जालना जिल्ह्यातील देहेड येथे जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात केलेले लाल विंचवाच्या दंशावरील संशोधन येथे उद्बोधक ठरते. हे विष चेतातंतूंच्या सोडियम मार्गांवर परिणाम करून कॅटेकोलामाइन द्रव्यांचा लोंढा सोडते. मेंदूच्या आज्ञेवाचूनही बचावाचीच रसायने हृदय व फुप्फुसांवर घाला घालतात. या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम रोखणारे प्राझोसिन उपयुक्त ठरल्याचे बावस्कर दांपत्याने १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. २०११ च्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण अधिक लवकर बरे झाले.

अर्थात या पुराव्यालाही मर्यादा आहे. भयाच्या झटक्यात विष नसते. त्यामुळे मध्यमेंदूचा सहभाग येथे खोडला जात नाही, केवळ लक्षणांवरून काढलेले अनुमान अपुरे ठरते.

निष्कर्ष :
हा भेद केवळ तात्त्विक नाही. शेतात दंश झालेल्या मजुराला घाम फुटला असता ‘तो घाबरला आहे’ असे समजून स्वस्थ बसल्यास उपचाराची मोलाची वेळ हातची जाते. म्हणून अध्यापनात ‘भयकेंद्र’ या सुटसुटीत शब्दाऐवजी स्तंभनिहाय कार्ये आणि मेंदूबाहेरील कारणे यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे.