‘चालू घडामोडींचे इतिवृत्त’ : निनावी गद्याची शैली

३० एप्रिल १९६८ रोजी मॉस्कोत टंकलिखित स्वरूपात निघालेल्या ‘चालू घडामोडींचे इतिवृत्त’ या पत्रिकेचा विचार बहुधा राजकीय इतिहासाचे साधन म्हणून केला जातो. वस्तुतः तिची गद्यशैली हाच तिच्या कार्याचा गाभा होय.

अटक, झडती, खटला, छावणीतील उपोषण यांच्या नोंदी येथे तारीख, स्थळ व कायद्याचे कलम देऊन केलेल्या आढळतात. विशेषणे विरळ, निषेधाचे उद्गार नाहीत, संपादकाचे नावही नाही. ही अलिप्तता म्हणजे केवळ आत्मरक्षणाची युक्ती, असे म्हणणे अपुरे ठरेल. रशियन दंडसंहितेचे कलम १९०-१ राज्याची बदनामी करणारा ‘जाणूनबुजून खोटा’ मजकूर पसरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगत होते. पत्रिकेने या शब्दांना शैलीनेच उत्तर दिले : माहिती पडताळून द्यावी आणि चूक आढळल्यास पुढील अंकात ती दुरुस्त करावी. जो आपली चूक आपणच जाहीर करतो, त्याच्यावरील हेतुपुरस्सर असत्याचा आरोप तर्काच्या कसोटीस उतरत नाही. न्यायालयात मात्र असे आरोप टिकले. पहिल्या संपादिका, कवयित्री नताल्या गोर्बानेव्हस्काया यांना डिसेंबर १९६९ मध्ये अटक झाली आणि पुढे कझानच्या मनोरुग्णालयात डांबण्यात आले.

या शैलीस मर्यादाही आहे. नोकरीवरून झालेली बडतर्फी आणि छावणीतील मृत्यू एकाच सुरात सांगितल्याने वेदनेची प्रतवारी वाचकालाच करावी लागते. शिवाय पीडिताचे नाव छापणे हे त्याचे संरक्षण, तसाच धोकाही; हा पेच शैलीने सुटत नाही.

नव्या अंकागणिक अटका होतील, या धमकीमुळे सुमारे दीड वर्ष बंद पडलेली पत्रिका मे १९७४ मध्ये पुन्हा निघाली, तेव्हा सर्गेई कोव्हाल्योव्ह, तात्याना वेलिकानोवा आणि भाषाशास्त्रज्ञ तात्याना खोदोरोविच यांनी वितरणाची जबाबदारी स्वतःच्या नावाने पत्करली. कर्तृपद लुप्त असलेल्या या गद्यास येथे प्रथमच कर्ता लाभला. त्याचे मोल जबर होते : कोव्हाल्योव्ह यांना १९७५ मध्ये सात वर्षांची छावणी व तीन वर्षांची हद्दपारी, खोदोरोविच यांचा १९७७ मध्ये देशत्याग, वेलिकानोवा यांना १९७९ मध्ये अटक.

तथापि त्या तीन नावांनंतरही नोंदींची भाषा बदलली नाही, हे अभ्यासकाने ध्यानी घ्यावे. निनावीपण भयापोटीच असते, तर नाव जाहीर होताच सूर चढला असता. तो चढला नाही. म्हणजे ही अलिप्तता मुळातच सत्याविषयीच्या जबाबदारीतून आलेली होती.