‘अतिरिक्त’ जमीन: हा शब्द मोजायचा कसा?

पेटच्या मुलाखतीत ‘तुमचा संशोधन प्रश्न काय?’ असं विचारलं की बरेच जण विषय सांगतात, प्रश्न नाही. ‘सार्वजनिक जमिनीचा विकास’ हा विषय झाला. त्यातून प्रश्न कसा काढायचा, हे आज एका सरकारी धोरणाची चिकित्सा करून बघू.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एसटी महामंडळाच्या अतिरिक्त जमिनींबाबत निर्णय घेतला. सार्वजनिक-खासगी भागीदारीतून त्या विकसित करायच्या आणि भाडेपट्ट्याची मुदत ६० वर्षांवरून ९८ वर्षं करायची, म्हणजे ४९ अधिक ४९. महामंडळाकडे राज्यभरात सुमारे १,३६० हेक्टर जमीन आहे. कल्पना साधी आहे: खाली फलाट, वर दुकानं, कार्यालयं, आणखी काही. यालाच मिश्र वापर म्हणतात.

आधी धोरणाची बाजू नीट मांडू. एसटीचा संचित तोटा १० हजार कोटींच्या वर गेलाय. नुसत्या तिकिटावर तो भरून निघणार नाही. शिवाय मिश्र वापर आपल्याकडे नवा नाही. लातूरची गंजगोलाई बघा. मधे अंबाबाईचं मंदिर, गोलाईला येऊन मिळणारे १६ रस्ते, आणि सोन्यापासून गुळापर्यंत वेगवेगळे बाजार. म्हणजे स्टँडवर दुकानं नकोत, असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप ‘अतिरिक्त’ या शब्दावर आहे.

विज्ञानात आपण ‘जास्त’ म्हटलं की लगेच विचारतात: कशापेक्षा, कधी मोजलं, कोणत्या एककात? इथेही तेच तीन प्रश्न लावू.

पहिला, कधी मोजलं? कोणतंही आगार दुपारी बघा, मैदान वाटेल. गाड्या मार्गावर असतात. मुक्कामी गाड्या सोडल्या तर बाकीच्या रात्री परत येतात आणि तीच जागा भरते. दिवाळीची गर्दी, माळेगावची खंडोबाची यात्रा, आषाढीच्या जादा गाड्या, हे दिवस वेगळेच. त्यामुळे सरासरी काढून ‘इतकी जागा रिकामी’ म्हणणं चूक आहे. जागेची गरज सर्वांत गर्दीच्या तासावर ठरते.

दुसरा, किती काळासाठी? ९८ वर्षं म्हणजे किती, हे कळायला उलटं मोजा. २०२५ मधून ९८ वजा केले की १९२७ येतं. तेव्हा मराठवाड्यात सरकारी बसच नव्हती! निजामाची रस्ते वाहतूक सेवा १९३२ मध्ये २७ गाड्यांनी सुरू झाली. १९२७ मध्ये बसून आजच्या नांदेड आगाराला किती जागा लागेल, हे कुणी सांगू शकलं असतं का? इतकं लांबही जायला नको. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्यांतली गर्दी वाढली. ५,१५० इलेक्ट्रिक बसचा करार झाला. आता या बस चार्जिंगला उभ्या राहणार, म्हणजे आगारात जागा आणि वीज दोन्ही लागणार. दोन-तीन वर्षांत गणित बदलतंय आणि आपण करार करतोय शतकाचा.

तिसरा, कोणत्या एककात? जमीन चौरस मीटरमध्ये मोजली जाते. पण इमारतीला पाणी लागतं. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा शहरात बांधकामाची क्षमता फक्त चटईक्षेत्रावर ठरवली तर हिशोब अर्धाच राहतो. लिटरचा रकाना हवाच.

आणि व्याख्या बदलली की काय होतं, याचा धडा मुंबईच्या गिरण्यांनी दिलाय. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीत हे वाटे फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेवर आले. गिरणीची शेड पाडून जी जागा निघेल ती हिशोबाबाहेर. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये शहराच्या बाजूने अर्थ लावला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. ‘मोकळी’ या एका शब्दाच्या अर्थाने शहराचा वाटा आकसला. त्या गिरण्यांमध्ये सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्याही होत्या, आणि नांदेडची उस्मानशाही गिरणीही याच महामंडळाकडे होती. सरकारी मालकी आहे म्हणून लोकांचा वाटा आपोआप टिकत नाही.

आता संशोधन प्रश्न असा होईल: ‘नांदेड आणि लातूर आगारांत सर्वाधिक गर्दीच्या दिवशी, चार्जिंगची गरज धरून, किती जागा वापराविना राहते?’ पद्धतही सोपी आहे. आगाराचं मोजमाप माहिती अधिकारात मागवा. यात्रेचा एक आठवडा आणि साधा एक आठवडा निवडा. दर तासाला उभ्या गाड्या मोजा. स्टँडवर थांबलेले प्रवासीही मोजा, कारण पास घेऊन शाळेला येणाऱ्या मुली गाडीची वाट बघत जिथे बसतात, तोही जमिनीचा वापरच आहे. नकाशात तो दिसत नाही.

गृहीतक खोटं ठरण्याची अटही आधीच लिहून ठेवा. समजा, गर्दीच्या तासालाही एक तृतीयांश जागा खरंच रिकामी निघाली, तर तेवढी जागा अतिरिक्त आहे असं मी मान्य करीन. मग चर्चा मुदतीवर आणि वाट्यावर करू: टप्प्याटप्प्याने भाडेपट्टा, ठरावीक वर्षांनी फेरतपासणी, आणि वाढीव गाड्यांसाठी राखीव पट्टा. पण हे मोजमाप करार होण्याआधी व्हायला हवं. ९८ वर्षांच्या सहीनंतर ते फक्त प्रबंधाच्या परिशिष्टात जाईल.

प्रश्न असतील तर खाली लिहा. पुढच्या वेळी तासागणिक मोजणीचा तक्ता कसा करायचा, ते बघू.