लहान गाडी, लहान बॅटरी

विजेवर चालणाऱ्या मोटारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? जाहिरातीही याच आकड्यावर उभ्या असतात. आमच्या मते रोजच्या वापराच्या गाडीची परीक्षा या प्रश्नाने होत नाही. एका युनिट विजेत ती किती धावते, हे आधी विचारायला हवे.

उदाहरणादाखल २०२३ मध्ये भारतात विक्रीला आलेली एमजी कॉमेट घेऊ. लांबी तीन मीटरहून किंचित कमी, वजन सुमारे ८०० किलो, दारे दोन, आसने चार. बॅटरीत १७.३ युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) वीज मावते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ही सबंध बॅटरी दोन लिटर पेट्रोलच्याही तोडीची नाही! तेवढ्यावर कंपनी २३० किलोमीटरचा दावा करते. पेट्रोलचे इंजिन इंधनातील ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवते, उरलेली उष्णता होऊन वाया जाते. विद्युत मोटर मात्र चार-पंचमांशाहून अधिक ऊर्जा कामी लावते. सारी किमया एवढीच.

२३० हा आकडा चाचणीतला आहे. तिथे गाडी रोलरवर ठरावीक वेगाने फिरते आणि वातानुकूलन बंद असते. वातानुकूलन यंत्र अंतरावर नव्हे, तर वेळेवर वीज खाते, हे आपण विसरतो. ते एक किलोवॅट घेते असे धरू. शहराच्या गर्दीत तासाला १५ किलोमीटर सरकणाऱ्या गाडीला चालण्यासाठी दीड युनिट लागेल आणि गारव्यासाठी आणखी एक! म्हणून आम्ही सरासरी हिशेबाला युनिटमागे दहा किलोमीटर धरतो. रोजच्या ४० किलोमीटरला चार युनिट पुरतात. मग १७ युनिटची बॅटरी कमी पडण्याचे कारण काय?

शहरातल्या थांबत-थांबत जाण्याचा तोटाही इथे कमी होतो, कारण वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते. नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. माणसांसह ९५० किलोची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर गतिज ऊर्जा सुमारे ९२ हजार ज्यूल येते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा असे ३९ वेळा थांबले की एक युनिट ब्रेकमध्ये जिरते. त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो, पेट्रोलच्या गाडीत काहीच येत नाही. हमरस्त्यावर मात्र चित्र उलटते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि ही गाडी उभट, खोक्यासारखी आहे. वेग ४० वरून ८० वर नेला की रोध चौपट. पुण्याहून नाशिकला एका दमात जायचे असेल, तर ही गाडी घेऊ नये.

आता 'शून्य प्रदूषण' या दाव्याकडे वळू. गाडीच्या मागे धूर नाही, हे खरे, आणि चौकात उभ्या वाहतूक पोलिसाला त्याचे मोल मोठे आहे. पण आपल्या जाळ्यातील बहुतांश वीज आजही कोळशाची आहे. तो धूर कोराडीत आणि चंद्रपुरात निघतो. देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चार्जिंगमधील गळती धरून भिंतीवरच्या एका युनिटला नऊ किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरमागे सुमारे ८० ग्रॅम. लिटरला १६ किलोमीटर जाणारी पेट्रोलची लहान गाडी १४४ ग्रॅम सोडते. (बॅटरी बनवतानाचा खर्च यात धरलेला नाही.) बचत चांगली आहे, पण शून्य नव्हे.

हाच हिशेब दोन टनांच्या विजेच्या गाडीला लावून पाहा. युनिटला साडेपाच किलोमीटर मिळाले तर १२७ ग्रॅम! पेट्रोलच्या लहान गाडीला ती कशीबशी मागे टाकते. फायदा 'विजेची' या शब्दात जितका आहे, तितकाच 'लहान' या शब्दात आहे. तरीही २०२४ च्या अखेरीस आपल्याकडे ५९ आणि ७९ युनिटच्या बॅटरीच्या गाड्या आल्या, आणि कौतुक त्यांच्या पल्ल्याचेच झाले.

कॉमेटमध्ये उणिवाही आहेत. मागच्या आसनांवर माणसे बसली की सामानाला जागा उरत नाही. त्याऐवजी चालकासमोर सव्वादहा इंची दोन पडदे आहेत. ते कुणी मागितले होते, कोण जाणे. २०२४ मध्ये किंमत ६.९९ लाखांपासून होती. त्याच वर्षी बॅटरी भाड्याने घेण्याची योजना निघाली : गाडी ४.९९ लाखांत, वर किलोमीटरमागे अडीच रुपये. वाचलेले दोन लाख ८० हजार किलोमीटरमध्ये फिटतात, पुढे भाडे चालूच.

सर्वात मोठी अडचण जागेची. गाडीचा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा, म्हणजे गिझरचे १५ अँपिअरचे सॉकेट त्याला चालते. शाळेच्या आवारात तसे सॉकेट मिळाले, तर दुपारी, सौरवीज मुबलक असताना, दीड-दोन तासांत दिवसाची गरज भागेल. पण जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची गाडी रस्त्यावर उभी असते. एकदिश प्रवाहाचे जलद चार्जिंग या गाडीला नाही. २०२४ मध्ये आलेल्या ७.४ किलोवॅटच्या प्रकारालाही पूर्ण चार्ज व्हायला साडेतीन तास लागतात, आणि तेवढा वेळ सार्वजनिक केंद्रावर गाडी लावून बसणे नोकरदाराला रोज जमणारे नाही.