डॉ. गेल ऑम्व्हेट यांची धम्ममीमांसा : पाली अभ्यासकाच्या दृष्टीतून

सातारा-सांगली भागात सत्यशोधक चळवळ कशी रुजली, याचा विद्यापीठीय शिस्तीने मागोवा घेणाऱ्या अभ्यासकांत डॉ. गेल ऑम्व्हेट (१९४१-२०२१) यांचे नाव अग्रभागी येते. मिनियापोलिस येथे जन्मलेल्या या विदुषींनी बर्कले येथे १९७३ साली पीएच. डी. मिळविली. पश्चिम भारतातील १८७३ ते १९३० या काळातील ब्राह्मणेतर चळवळीवरील त्यांचा तो अभ्यास १९७६ मध्ये ग्रंथरूपाने आला. पुढे त्या वाळवा तालुक्यातील कासेगावी स्थायिक झाल्या व १९८३ साली भारताच्या नागरिक झाल्या. पुणे विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचे अध्यापनही केले. आज सांगली जिल्ह्यात असलेले कासेगाव १९४९ पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत असे. ज्या प्रदेशाचा अभ्यास केला त्याच प्रदेशात आयुष्य घालविणारे संशोधक विरळाच.

त्यांचा 'बुद्धिझम इन इंडिया' (२००३) हा ग्रंथ आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. त्याची स्तुती पुष्कळ झाली. चिकित्सा मात्र फारशी झाली नाही, आणि हा त्या ग्रंथावर अन्यायच होय. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात परमपूज्य बाबासाहेबांनी चार प्रश्न उपस्थित केले : सिद्धार्थाची परिव्रज्या, चार आर्यसत्ये, अनात्मवादासह कर्म व पुनर्जन्म, आणि भिक्खूचे प्रयोजन. ऑम्व्हेट या प्रश्नांना श्रद्धेचा विषय न मानता इतिहासाच्या अभ्यासाचा आरंभबिंदू मानतात. समाजशास्त्रज्ञाची नजर येथे फार उपयोगी पडते.

परंतु समाजशास्त्र जेथे थांबते तेथे पाली संहितेचे काम सुरू होते. आर्यसत्यांचाच प्रश्न घ्या. ही सत्ये मूळ उपदेशातील की नंतर भिक्खूंनी घातलेली, अशी शंका बाबासाहेबांनी घेतली. १९८२ साली पाली व्याकरणाचे अधिकारी विद्वान के. आर. नॉर्मन यांनी केवळ वाक्यरचनेच्या आधारे असा निष्कर्ष काढला, की धम्मचक्कप्पवत्तन सुत्ताच्या आद्य रूपात 'अरियसच्च' हा शब्द नसावा. यावरून दुःखविषयक उपदेशच उपरा ठरतो असे मुळीच नाही, आणि कोणी तसे म्हणत असेल तर तो घाई करतो. तरीही बाबासाहेबांची शंका संहितेच्या कसोटीवर तपासता येते, एवढे यातून निश्चित दिसते. हे काम ऑम्व्हेट यांचे नव्हते. ते आमचे, पाली शिकलेल्यांचे होते. आम्ही परीक्षेपुरते धम्मपद शिकवीत राहिलो.

दुसरा मुद्दा 'जाति' शब्दाचा. वासेट्ठ सुत्तात तथागत तृण, वृक्ष, कीटक, पशू यांच्यातील जातिभेद दाखवून मनुष्यात तसे जन्मजात चिन्ह नाही असे सांगतात. येथे 'जाति' म्हणजे प्राणिमात्रातील प्रकार आणि जन्म, असे दोन्ही अर्थ एकत्र खेळतात. ऑम्व्हेट यांच्या ग्रंथाचा हवाला देणारे आमचे काही लेखक तेथे आजची 'जात' सरसकट बसवितात, आणि युक्तिवादाची धारच बोथट होते. उलट विनयपिटकात महावग्गातील नियमानुसार दासाला प्रव्रज्या देता येत नाही, ऋणकोलाही नाही. संघात न्हावी उपालीला शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच विनयातील दासाविषयीचा नियमही तितक्याच मोकळेपणाने सांगितला पाहिजे. जातिविरोधी इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही तो वगळता येणार नाही.

बौद्ध धम्माच्या ऱ्हासाविषयी मात्र ऑम्व्हेट यांची मांडणी आम्हाला अधिक सबळ वाटते. बाबासाहेबांनी मुस्लिम आक्रमणांवर मोठा भर दिला होता. तेवढ्याने उलगडा होत नाही, त्यापूर्वीच्या शतकांतील ब्राह्मणी व्यवस्थेचे बळ व राजाश्रयाची दिशाही पाहावी लागते, असे त्या मांडतात. एका अभ्यासवर्गात आम्ही हा मतभेद सांगितला तेव्हा काही उपासक नाराज झाले. एका वृद्ध उपासकाने मात्र बाबासाहेबांचा मूळ उतारा कोठे आहे, असे विचारले. पुढच्या रविवारी आम्ही तो निबंध आणि ऑम्व्हेट यांचे प्रकरण असे दोन्ही घेऊन गेलो. वाचन तीन बैठका चालले, आणि अजून संपलेले नाही.