तिपासातला एक दिवस

काही गद्य वाचताना डोळ्यांच्या आधी नाक जागं होतं. आल्बेर कामूचा ‘तिपासामधला विवाहसोहळा’ हा निबंध पहिल्यांदा इंग्रजी अनुवादात वाचला तेव्हा पहिल्याच परिच्छेदात मला वास आला, आणि तो ओळखीचा निघाला. कामू ज्या कडवट, उग्र वनस्पतीचा वास पुन्हा पुन्हा आणतो ती आपल्या दवण्याच्या गोत्रातली. वनस्पतिशास्त्रात दोघीही आर्टेमिसिया. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात; बोटांत चुरगाळला की तो दिवसभर हाताला राहतो. तिपासाच्या निबंधातही ऋतू वसंताचाच आहे, आणि लेखक तिथल्या भग्न अवशेषांत शिरतो तो हीच पानं हातात चुरत. सुमारे साडेचार हजार मैलांवरचं आल्जेरियाचं गाव मला एकदम अंगणाला लागून असल्यासारखं वाटलं.

तिपासा आल्जीयर्सच्या पश्चिमेला साधारण ७० किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या काठी आहे. आधी फिनिशियन व्यापाऱ्यांचा थांबा, मग मॉरेटानियाच्या राजांचं गाव, सम्राट क्लॉडियसच्या काळापासून रोमन वसाहत, पुढे ख्रिस्ती बॅसिलिका, मग व्हँडल, मग शतकानुशतकांची ओसाडी. फोरम, रंगमंडल, दगडी शवपेट्या, भिंतींचे पाये हे सगळं थेट पाण्यापर्यंत उतरलेलं आहे, आणि शेजारी पोहण्याजोगे किनारे. १९८२पासून हा जागतिक वारसा आहे.  निबंधात इतिहासाचा हा पाढा कुठेही नाही. अवशेष पाहायला निघालेला माणूस अवशेषांचा इतिहास सांगायचं टाळतो, आणि ते अज्ञानातून नव्हे: कामू तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता, प्राचीन ग्रीक आणि आरंभीच्या ख्रिस्ती विचारावर त्याने प्रबंध लिहिला होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्या सकाळी ते त्याला नको होतं, एवढंच.

मग त्याला काय हवं होतं? त्याने निवडलेला रस्ता पाहा. पिवळ्या रानफुलाच्या रंगाची बस गावात थांबते. खाटकाची लाल गाडी शिंग फुंकत सकाळच्या फेरीवर निघालेली आहे. बागांत जास्वंद, भिंतींवरून लोंबणारी बोगनवेल. मग बंदराच्या डावीकडून दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना मस्तकीची झुडपं (आपल्याकडची रुमी मस्तकी ज्याचा डिंक, तेच झाड), एक लहानसं दीपगृह, आणि तेव्हा कुठे अवशेष. हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. खाटकाचं शिंग आधी वाजतं, रोमन स्तंभ नंतर दिसतो. आज श्वास घेणाऱ्या गावातून गेल्याशिवाय कालच्या गावात शिरता येत नाही, हे तो कुठे बोलून दाखवत नाही; आपल्याला त्या वाटेने चालवतो.

निबंधाचा गाभा मला एका शब्दात सापडला. माणसाने घडवलेले दगड त्यांच्यावरची छिन्नीची झिलई गमावून पुन्हा नुसते दगड झाले, निसर्गात परतले, असं कामू सांगतो, आणि या परतण्यासाठी बायबलातल्या उधळ्या मुलाची कथा हाताशी घेतो. मात्र त्याच्याकडे परतणाऱ्या मुली आहेत. त्या मुलींसाठी जो फ्रेंच शब्द वापरला, त्याचंच क्रियापद तो निसर्गाने फुलं अंथरण्यासाठी वापरतो. इंग्रजीत ही जोडी निसटते. मराठीत ती आयती बसते: मुली उधळ्या, आणि निसर्ग त्यांच्यावर फुलं उधळतो. शिवाय ‘मुली परतल्या’ म्हटलं की मराठी कानाला माहेर ऐकू येतं. साम्राज्याच्या घरी शतकं राबलेले ते दगड माहेरी आलेत, शवपेट्यांतही रोपं रुजलीत, आणि कुणी त्यांना कशासाठी आलात म्हणून विचारत नाही. भग्न वास्तूंवरचं लेखन बहुधा उसासे टाकत येतं. वैभव गेलं, काळ निष्ठुर, वगैरे. इथे पडझडीचाच सोहळा आहे. शीर्षकातला विवाह याच दोघांचा: अवशेष आणि वसंत.

समुद्र येतो तोही दुरून पाहण्याचा देखावा म्हणून येत नाही. टेकडीवर संत साल्साची बॅसिलिका आहे. साल्सा ही किशोरवयीन ख्रिस्ती मुलगी. तिने सापाची मूर्ती समुद्रात फेकली म्हणून लोकांनी तिला ठार करून समुद्रात टाकलं, अशी कथा. कामू कथेत अडकत नाही. भिंतीतल्या प्रत्येक मोकळ्या चौकटीतून त्याला बाहेरचं जग आत येताना दिसतं, पाइन, सरू, लाटांचा पांढरा फेस. आणि पाहून त्याचं भागत नाही. अंगाला झाडापाल्याचा वास असतानाच पाण्यात उतरायचं, म्हणजे जमिनीचा वास समुद्रात धुतला जाईल आणि दोघांची गाठ आपल्या कातडीवर पडेल. सोहळ्याला भटजी नाही; पोहणाऱ्याचं अंगच अंतरपाट, आणि तो धरणाराही तोच.

ते पोहण्याचं वाक्य मी पुष्कळदा वाचलं आहे. आधी अंगभर चढत जाणारा गार, चिकट स्पर्श. मग बुडी, कानांत घोंघावणं, नाकातून पाणी, तोंडात कडू चव. त्यानंतर पाण्याबाहेर निघालेला हात, उन्हात लुकलुकणारा. एकही ‘सुंदर’ शब्द नाही. नाकातोंडात पाणी जाणं ही पोहण्यातली खरी गोष्ट आहे, आणि आनंदाच्या वर्णनात ती ठेवायला धैर्य लागतं. दुपारी बंदरावरच्या खानावळीतही तेच: जेवण बेताचं आहे हे तो सांगून टाकतो, आणि लगेच पीच चावताना हनुवटीवरून ओघळणारा रस दाखवतो.

हे लिहिणारा माणूस तेव्हा पंचविशीच्या आतला होता. आल्जीयर्सच्या बेलकूर या गरीब वस्तीत वाढलेला. बाप पहिल्या महायुद्धात गेलेला, आई निरक्षर आणि कमी ऐकू येणारी. १७व्या वर्षी त्याला क्षय झाला, तेव्हा त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. निबंधात यातलं अक्षरही नाही. पण पाण्यात खोल श्वास घेऊन बुडी मारणाऱ्याची छाती रोगाने पोखरलेली आहे हे कळलं की तीच ओळ वेगळी वाजते. या आनंदाला मी भाबडा म्हणणार नाही. मरण शेजारी बसलेलं असताना त्याच्याकडे पाठ न फिरवता घेतलेला हा आनंद आहे.

संध्याकाळी तो रस्त्याकडेच्या बागेत बसतो. डोक्यावर डाळिंबाचं झाड, त्याच्या मिटलेल्या कळ्या. त्या शिरा असलेल्या कळ्या त्याला इवल्याशा आवळलेल्या मुठींसारख्या दिसतात. सांगोल्याकडच्या बागेत ज्याने डाळिंबाची कळी हातात घेतली आहे, त्याला या उपमेचा नेमकेपणा सांगावा लागणार नाही: ती कळी मऊ नसते, चामड्यासारखी टणक असते, मुठीसारखीच. दिवसभर सगळं उघडं, सांडणारं, ओघळणारं दाखवल्यावर शेवटी लेखक मिटलेली वस्तू दाखवतो. दिवस संपला, वसंत राहिला. आणि तो सांगतो की तिपासात तो एका दिवसाहून जास्त कधी राहिला नाही. रसिकाचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

निबंधात एक उणीव आहे आणि ती लपवू नये. ज्या भूमीवर हा सोहळा होतो तिथले अरब आणि बर्बर लोक त्यात जवळजवळ नाहीत. शेनुआ डोंगर दिसतो, त्याच्या उतारांवरची माणसं दिसत नाहीत. फ्रेंच सत्तेखालच्या आल्जेरियात हे न दिसणं साधं नव्हतं.

हा निबंध दुसऱ्या महायुद्धाआधी आल्जीयर्सला प्रकाशक एदमाँ शार्लोने काढलेल्या छोट्या पुस्तकात आला. त्यानंतर ते युद्ध झालं, आणि कामू तिपासाला परतला. त्या परतीवरचा निबंध १९५२चा. त्यात आता अवशेषांभोवती काटेरी तार आहे, ठरलेल्या दारानेच आत जायचं, रखवालदार आहे, चिखल आहे. जे दगड माहेरी आले होते त्यांना पुन्हा कुंपण पडलं. पुढे एका डिसेंबरात पाच दिवसांच्या पावसानंतर लख्ख सकाळ उगवते, तो पुन्हा जातो, आणि या वेळी आधी शांतता ऐकतो, मग तिच्यातले बारीक आवाज एकेक करून वेगळे करतो. परतताना त्याच्या मनात जुन्या नाण्याची प्रतिमा येते: एका बाजूला स्त्रीचा सुंदर चेहरा, दुसरी बाजू झिजून खाल्लेली, जी प्रवासभर बोटांना लागत राहते. सुंदर बाजू डोळ्यांसाठी, झिजलेली बोटांसाठी. ही वाटणी पंचविशीतल्या कामूला सुचली नसती.

विचाराने दुसरा निबंध मोठा आहे. गद्य म्हणून माझं मत पहिल्याला. पण दोन्ही एका बैठकीत, याच क्रमाने वाचावेत.

४ जानेवारी १९६० रोजी कामू मोटार अपघातात गेला. १९६१मध्ये, आल्जेरियाचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, मित्रांनी तिपासाच्या अवशेषांत, शेनुआ दिसतो अशा जागी, समुद्रापाशी एक शिळा उभी केली आणि शिल्पकार लुई बेनिस्तीने तिच्यावर याच निबंधातली एक ओळ कोरली. खाऱ्या वाऱ्याने ती अक्षरं आता बरीच झिजली आहेत.