विद्यार्थ्याची वळकटी

विद्याभ्यासासाठी घर सोडून दूरदेशी जाणे हा आमच्या आत्मचरित्रपर वाङ्मयातील एक ठरीव प्रसंग होय. मुंज, विवाह आणि पहिली नोकरी ह्यांप्रमाणेच तो बहुतेक चरित्रनायकांच्या आयुष्यात येतो, आणि बहुतेक लेखक तो एकाच साच्यातून काढतात. नायक गरीब असतो, वाट लांब असते, अंगावर एक सदरा व खांद्यावर एक बोचके असते. आणि पुढील प्रकरणात तो पदवीधर झालेला असतो. त्या बोचक्यात काय होते, ते कोणी बांधले, त्यातील जिनसा कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन जमविल्या, आणि परगावी पोहोचल्यावर ते ठेवावयास जागा कोणी दिली, हे प्रश्न वाचकाने विचारू नयेत अशीच जणू अपेक्षा असते. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न काही निवडक ग्रंथांस विचारावयाचे आहेत. प्रश्न वरवर क्षुद्र दिसतात. परंतु शिक्षणाची हकीकत सांगणारे पुस्तक कितपत खरे बोलते हे पारखण्यास त्यांहून चांगली कसोटी आम्हांस आढळलेली नाही.

जिनसा मोजणे हे वाण्याचे काम, वाङ्मयाचे नव्हे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. त्यास उत्तर म्हणून आम्ही एका अगदी निराळ्या जातीच्या ग्रंथाकडे बोट दाखवितो. गोविंद रघुनाथ दाभोळकर ह्यांचे ओवीबद्ध 'श्रीसाईसच्चरित' १९३० साली प्रसिद्ध झाले. ज्या पुरुषाचे ते चरित्र, तो पूर्ण अपरिग्रही. लीला वर्णन करण्याच्या भरात ग्रंथकर्ता त्याच्या चार वस्तू विसरला असता, तरी कोणी त्यास दोष दिला नसता. पण दाभोळकर त्या विसरत नाहीत. गहू दळण्याचे जाते, कफनी, सटका, चिलीम, टमरेल आणि अखेरीस भंगलेली ती वीट, ह्या सर्वांस त्यांच्या ग्रंथात स्थान आहे. १९१८ सालच्या त्या शेवटच्या दिवशी लक्ष्मीबाई शिंदे ह्यांच्या हातावर ठेवलेली नाणीही ते मोजतात: आधी पाच व मग चार. ज्यांची त्या पुरुषावर श्रद्धा नाही अशा वाचकासही शिर्डीची मशीद डोळ्यांपुढे उभी राहते, ती ह्या मोजदादीमुळे. फकिराची झोळी मोजून पाहण्यासारखी असेल, तर विद्यार्थ्याची वळकटी का नसावी?

शिर्डीचाच विषय निघाला आहे, तर तेथील आजची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. दाभोळकरांच्या काळी यात्रेकरू कोपरगावास आगगाडीतून उतरून गोदावरीपलीकडून टांग्याने शिर्डीस येत. २००९ साली खुद्द शिर्डीस रेल्वे आली आणि २०१७ साली जवळच काकडी येथे विमानतळ झाला. यात्रेकरूंच्या सोयीसाठी झालेल्या ह्याच वाटांनी आज राहाता तालुक्यातील मुलेमुली शिकावयास बाहेर पडतात. यात्रेकरू एखादी पिशवी घेऊन येतो. विद्यार्थी मात्र गादी, बादली, पुस्तके, चटणी-लाडवांचे डबे आणि देवाची तसबीर एवढा संसार घेऊन निघतो. रेल्वेच्या शयनयान वर्गात त्यास चाळीस किलोंची मुभा असते. विमानाने देशातल्या देशात जावयाचे तर बहुधा पंधराच किलोंची. मग घरच्या काट्यावर पेटी तीन-तीनदा तोलली जाते, आणि काय ठेवावे व काय काढावे ह्यावर आईचे व मुलाचे दुमत होते. ह्या दुमतात त्या कुटुंबाच्या आशा, धाक आणि ऐपत ही तिन्ही उघडी पडतात. अशा प्रसंगाचे मोल लेखकाला कळू नये, ह्याचे नवल वाटते.

आता ग्रंथांकडे वळू. धोंडो केशव कर्वे ह्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली प्रसिद्ध झाले. १८७५ साली परीक्षेस बसण्यासाठी कर्वे कोकणातील मुरुडाहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेले, ही त्यातील हकीकत महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. परंतु लोकांच्या तोंडी ती जशी आहे तशी ती कर्व्यांच्या लेखणीतून उतरलेली नाही. व्याख्यानांतून त्या पायपिटीचा उपदेश झाला: पाहा, पूर्वीची मुले किती सोशीक, आणि आजची किती सुखासीन! मूळ हकीकतीचा शेवट मात्र असा आहे की, इतके चालून गेलेल्या मुलास वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेस बसू दिले नाही. कर्वे हे अजिबात टाहो न फोडता सांगतात. त्यांची पायपीट त्यांस फळ देऊन गेली नाही, आणि ती दिली असे भासविण्याचा मोहही त्यांना झाला नाही. ह्या प्रांजळपणामुळे 'आत्मवृत्त' आजही वाचनीय आहे. उपदेशकांनी त्यातील वाट तेवढी उचलली आणि वाटेच्या टोकाशी असलेला नकार गाळला.

धर्मानंद कोसंबी ह्यांच्या 'निवेदन' (१९२४) ह्या ग्रंथाची गोष्ट आणखी निराळी. गोव्याहून पुणे, तेथून काशी व पुढे नेपाळ, सिंहलद्वीप असा हा ज्ञानार्थी प्रवास जवळजवळ रिक्तहस्ते झाला. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. ह्या ग्रंथाचे थोरपण निर्विवाद आहे. तरीही आमच्या कसोटीने पाहता येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्याने बरोबर काही नेले नाही, त्याने मागे काय ठेवले? कोसंबींनी मागे पत्नी व तान्ही मुलगी ठेवली होती. त्यांचा भार वळकटीत नव्हता. तो इतरांच्या खांद्यांवर होता. कोसंबी ही गोष्ट लपवीत नाहीत, हे त्यांच्या सत्यप्रियतेस शोभणारेच आहे. पण त्या पत्नीच्या बाजूने ही हकीकत कशी दिसली असती, हे पुस्तक आपल्या वाङ्मयात नाही. रिकाम्या हाताने गेलो असे म्हणणाऱ्याचे हात कोणी रिकामे ठेवले, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याचा अर्थ पुरा होत नाही.

देणाऱ्याच्या बाजूने पाहणारी पुस्तके आपल्याकडे थोडी आहेत. त्यांत 'श्यामची आई' (१९३५) अग्रभागी आहे. साने गुरुजींवर भावविवशतेचा आरोप नेहमी होतो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण दापोलीस शिकत असलेला श्याम घरून येणाऱ्या तुटपुंज्या पैशांतून काही शिल्लक टाकतो, धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीस तो घेऊन घरी जातो, हे प्रकरण आमच्या मते निव्वळ भावनेवर उभे नाही. तेथे हिशेब आहे. नेहमी सामान घराकडून शाळेकडे जाते. येथे एक जिन्नस उलट वाटेने घरी येतो, आणि त्या एका कोटावरून घरात किती कपड्यांची वाण होती हे न सांगता कळते. गुरुजींचे अश्रू ज्यास नकोसे वाटतात त्याने निदान हा कोट तरी नीट पाहावा.

आनंदीबाई जोशी ह्यांच्या चरित्रात हाच प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे वस्त्र हे केवळ वस्त्र राहत नाही. १८८३ च्या एप्रिलात अठरा वर्षांची ही मुलगी घरचे कोणीही सोबत नसताना कलकत्त्याहून बोटीत बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील सभेत जाहीरपणे सांगितले होते. हे श्रीरामपूर नगर जिल्ह्यातले नव्हे, बंगालमधले. म्हणजे तिच्या पेटीतील प्रत्येक लुगडे हे त्या प्रतिज्ञेचा पुरावा होते. पण फिलाडेल्फियाची थंडी प्रतिज्ञा जाणत नाही. नऊवारी नेसण्यात पोटऱ्या उघड्या पडतात म्हणून तिने गुजराती पद्धतीचे नेसणे पत्करले, आणि त्याचा खुलासा तिला पत्रांतून गोपाळरावांस करावा लागला. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्राचे मोल ह्या पत्रांत आहे. धैर्याची वाखाणणी कोणीही करील; परंतु समुद्रापलीकडे, आजारपण सोसीत, वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या स्त्रीस आपल्या नेसण्याचा जबाब घरी द्यावा लागतो, हे पत्रांवाचून आपणांस कळले नसते. १८८६ साली ती पदवी घेऊन परतली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारली.

येथवर प्रश्न नेण्याचा व देण्याचा झाला. सामान ठेवावे कोठे, हा तिसरा प्रश्न सर्वांत कठीण असून आमच्या पांढरपेशा आत्मचरित्रकारांस तो सहसा पडलेलाच नाही. परगावी गेल्यावर कोणी नातलग, कोणी वारकरी कुटुंब, कोणी दानशूर गृहस्थ दार उघडतो, हे ते गृहीत धरतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात ते गृहीत नव्हते. अमेरिकेतील अध्ययनानंतर इंग्लंडमधील अध्ययन अर्धवट टाकून १९१७ साली ते परतले, तेव्हा त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती महायुद्धात पाणतीराने बुडाली. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यांतून ते नोकरीसाठी बडोद्यास गेले. पुढील हकीकत त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या इंग्रजी टिपणात लिहिली आहे. पारशी नाव सांगून एका पारशी खाणावळीत मिळविलेली जागा, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले लोक, मग कामाठी बागेत काढलेले तास आणि रात्री सामान खाली आणून धरलेली स्टेशनची वाट, हे सर्व त्यांनी जवळजवळ कोरड्या भाषेत सांगितले आहे. ग्रंथ समुद्रात गेले त्याची भरपाई झाली. पण उरलेली पेटी जमिनीवर टेकवावयास गावात जागा नव्हती, त्याची भरपाई कोण करणार? शिक्षणाने मनुष्य मोठा होतो ह्या आमच्या आवडत्या सिद्धान्ताचे इतके परखड परीक्षण दुसऱ्या कोणत्याही आत्मपर लेखनात आमच्या पाहण्यात नाही.

ह्याच दृष्टीने नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातून आलेल्या दया पवार ह्यांचे 'बलुतं' (१९७८) वाचले पाहिजे. संगमनेरचे वसतिगृह हे त्यांच्यासारख्या मुलास केवळ राहण्याचे ठिकाण नव्हते. आपली वळकटी जेथून कोणी बाहेर फेकणार नाही अशी ती जागा होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, आणि ते चालविताना लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, हे सर्वश्रुत आहे. ह्या त्यागाचे आम्ही गोडवे गातो. परंतु एका स्त्रीच्या गळ्यातले सोने अनेक मुलांच्या ताटांत कसे उतरले, हे तिच्या बाजूने सांगणारा ग्रंथ मात्र अद्याप वाचावयास मिळालेला नाही.

भालचंद्र नेमाडे ह्यांच्या 'कोसला' (१९६३) कादंबरीने हा सारा साचा उलटा केला. खानदेशातील सांगवीहून पुण्यास आलेल्या पांडुरंगास कशाचीही वाण नाही. वडिलांचा पैसा येतो, तो उधळतो, वसतिगृहाच्या मेसचा सेक्रेटरी होतो आणि कर्जात बुडतो. जुन्या चरित्रनायकाने काही न नेता सर्व मिळविले. ह्याने सर्व नेऊन शेवटी पदवीवाचून घरची वाट धरली. पांडुरंगास आपल्या बापाचा राग येतो, आणि अनेक तरुण वाचक त्या रागात सामील होतात. पण कादंबरीकाराची चतुराई अशी की, नायकास न दिसणारा बाप तो आकड्यांच्या द्वारा वाचकास दाखवितो. आमच्या मते 'कोसला'तील हिशेब हा तिच्यातील विनोदाइतकाच महत्त्वाचा आहे.

ह्या विवेचनावरून, दारिद्र्याची वर्णने अधिक यावीत, असा आमचा आग्रह आहे असे कोणी समजू नये. दारिद्र्याच्या वर्णनाचाही साचा होतो व तो तितकाच खोटा असतो. आमचे म्हणणे एवढेच की, शिक्षणाची हकीकत ही एकट्याची हकीकत नसते. एका मुलाची पेटी भरली जाते तेव्हा घरातील दुसऱ्या कोणाची तरी पेटी भरावयाची राहते. पुष्कळदा ती बहिणीची असते. ज्या पुस्तकात ही दुसरी पेटी दिसते ते पुस्तक वाचकाच्या घरापर्यंत पोहोचते. ज्यात ती दिसत नाही, ते नायकाचा गौरव करते आणि वाचकाच्या मुलांस टोचून बोलण्यापुरते उपयोगी पडते.

आज मराठी घरांतील मुले पूर्वी कधी गेली नव्हती इतक्या संख्येने दूरच्या वसतिगृहांत जात आहेत, आणि त्यांत मुलींचा वाटा मोठा आहे. त्यांतील काही पुढे आत्मचरित्रे लिहितील. त्यांनी आपल्या गुणांची यादी दिली नाही तरी चालेल. पेटीची यादी मात्र द्यावी, आणि प्रत्येक जिनसापुढे तो देणाऱ्याचे नाव घालावे.