कळसावरची मशाल

सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला जो सेल्फी पॉइंट केलाय, तिथे उभं राहून बाबांनी आधी डावा डोळा झाकला, मग उजवा. पुन्हा डावा. शेजारी फोटो काढत असलेल्या पोरींना वाटलं असेल की काका काहीतरी चाळे करतायत. पण महिन्याभरापूर्वी बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, डाव्याचा बाकी होता, आणि समोर अख्खी इमारत निळीशार झालेली होती.

"या डोळ्यानं निळा दिसते," ते म्हणाले, "अन् त्या डोळ्यानं मळका."

बाबा धानाचे शेतकरी, गोंदिया जिल्ह्यातले. डोळ्यांच्या तपासणीसाठी माझ्याकडे ठाण्याला आले होते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे लोकांना वाटतं तेवढा पैसेवाला नाही. महिन्याची पंचवीस तारीख होती. डॉक्टरांनी पाटी कोरी दिली, म्हणून म्हटलं, चला, मुंबई बघू, रात्रीची. दोघांचं ठाणे ते सीएसएमटी रिटर्न साठ रुपये, दोन वडापाव, दोन चहा आणि शेवटी पाय दुखले म्हणून बेस्टची साधी बस, जिचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं. एकूण दीडशे रुपये. पूर्वी बेस्टच्या उघड्या छताच्या डबलडेकरमधून हीच सगळी ठिकाणं रात्री दाखवायचे. वरच्या मजल्याचं एका माणसाचं तिकीट दीडशे होतं, खालचं पंच्याहत्तर. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती जुनी बस निवृत्त झाली. वरून, वाऱ्यात, झाडांच्या फांद्या चुकवत राजाबाई टॉवर बघायची ती सोय माझ्या मते मुंबईच्या रात्रीवरची सगळ्यात चांगली टीका होती, कारण ती एका जागी उभं राहून फोटो काढू देत नव्हती. असो.

मला बोलायचंय ते या उजेडाबद्दल. पुस्तकांची, सिनेमांची, वेबसिरीजची समीक्षा होते. मग शहर स्वतःच्या इमारतींवर रोज संध्याकाळी जो उजेड टाकतं, त्याची का होऊ नये? तोसुद्धा कुणीतरी केलेलाच आहे. कुणीतरी रंग निवडलेत, कुणीतरी वेग ठरवलाय.

सीएसएमटीपासूनच सुरू करू. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. दिवसा जवळ गेलात तर कळतं की ही सपाट भिंत नाहीच. कमानी, खोबणी, जाळ्या, पानंफुलं, प्राणी, फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ. हे सगळं दिसतं ते सावलीमुळे. उजेड भिंतीला घासून, खालून किंवा बाजूने गेला की प्रत्येक कोरीव रेघेला सावली मिळते आणि दगड बोलायला लागतो. समोरून एकसारखा रंग फासला की सावली मरते. त्यात दगड पिवळसर. पिवळसर दगड निळा उजेड गिळतो. म्हणजे निळ्या रंगात इमारत उजळत नाही, ती मंद पडते आणि आपल्याला दिसतो तो फक्त निळा. जांभळ्यात थोडं बरं. साध्या उबदार पांढऱ्यावर मात्र चक्र आलं की दोनतीन सेकंद तीच इमारत एकदम खोल होते, कमानींच्या आत कमानी दिसतात. तेवढ्यात पुढचा रंग.

असल्या दिव्यांना बहुधा डीएमएक्स नावाच्या प्रोटोकॉलवरून आज्ञा जातात. प्रत्येक दिव्याच्या प्रत्येक रंगाला शून्य ते २५५ मधला एक आकडा. मी कॉलेजात असताना गॅदरिंगसाठी एकदा असा प्रोग्राम लिहिला होता, आणि तेव्हा मीही तेच केलं होतं जे इथे झालंय: सगळे रंग आहेत ना, मग सगळे दाखवा. हे नवशिक्याचं लक्षण आहे.

हे मी बाबांना समजावत होतो. ते ऐकत होते की नाही माहीत नाही. मग म्हणाले, "नाटकात असा नाही करत रे."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि लाज वाटली, कारण हा मुद्दा माझ्या सगळ्या सावलीच्या थिअरीपेक्षा मोठा होता. आमच्याकडे झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. वडश्याच्या कंपन्या येतात, मंडप लागतो, आणि नाटक रात्रभर, पहाटेपर्यंत चालतं. लहानपणी आईच्या मांडीवर झोपत-उठत मी अशी कितीतरी नाटकं अर्धी-अर्धी पाहिलीत. तिथला उजेडही भडकच असतो. लाल, हिरवा, निळा, कुठलाही संकोच नाही. पण लाल येतो तो खलनायक आल्यावर. निळा येतो तो पोरगी एकटी बसून गाणं म्हणते तेव्हा. झोपेतून उठलेल्या पोरालाही रंग बघून कळतं की गोष्ट कुठवर आली. सीएसएमटीवर गोष्टच नाही. लाल झाली तर का झाली, हिरवी झाली तर काय घडलं? काही नाही, दहा सेकंद झाले, एवढंच. प्रजासत्ताकदिनी तिरंगा होतो तेव्हा निदान कारण असतं.

आणि गंमत म्हणजे या इमारतीच्या मधल्या घुमटावर स्टीव्हन्सने मुळातच एक दिवा ठेवलेला आहे. 'प्रगती'चा पुतळा, एका हातात वर धरलेली मशाल, दुसऱ्या हातात चाक. हजारो वॅटचा रंग खाली ओतल्यावर ती वरची बाई काळोखात कुठेतरी हरवते. बाबांना मी बोट दाखवून दाखवली. नव्या डोळ्याने दिसली, जुन्याने नाही.

मला रंगीत दिव्यांचा तिटकारा आहे असं समजू नका. हा सगळा मजकूर लिहिताना एक गोष्ट सतत टोचत होती. आमच्या आजूबाजूला त्या रात्री जी माणसं होती, ती वारसा-बिरसा बघायला आली नव्हती. उशिराच्या लोकलआधी वीस मिनिटं असलेला एक वॉचमन, व्हिडिओ कॉलवर गावी कुणाला तरी इमारत फिरवून दाखवणारा पोरगा, लेकराला खांद्यावर घेतलेलं जोडपं. रंग बदलला की ते लेकरू ओरडायचं. ज्या शहरात बसायला जागा मिळायलाही कॉफी विकत घ्यावी लागते, तिथे ही एकच करमणूक अशी आहे जिला तिकीट नाही. तिला 'भडक' म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. नाक मुरडणाऱ्यांची घरं बहुतेक याच भागात असतात. माझी तक्रार रंगाच्या भडकपणाशी नाहीच. फुकट बघणाऱ्याला काहीही चालतं, असं समजून केलेल्या कामाशी आहे. झाडीपट्टीतला प्रेक्षकही गरीबच असतो, पण कंपनीवाला त्याला असा गृहीत धरत नाही. धरला तर पुढच्या वर्षी त्या गावात मंडप लागत नाही.

याच न्यायाने खांबांभोवती आणि झाडांना गुंडाळलेल्या माळा मला अजिबात माफ करता येत नाहीत. २०२२च्या शेवटी सुमारे १७०० कोटींचं मुंबई सुशोभीकरण निघालं, त्यात हा प्रकार फोफावला. झाडांवरच्या दिव्यांचं प्रकरण जनहित याचिका होऊन उच्च न्यायालयात गेलं. आंब्याच्या झाडाला रात्री झोप लागते की नाही यावर वकील बोलतात, हे बाबांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "पाखरं कुठी जातील?" एवढंच म्हणाले.

दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत हुतात्मा चौकात आलो. फ्लोरा फाउंटन १८६४चं, दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा सुरू झालेलं. पर्यटक तिथेच थांबतात. पण त्याच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, आणि तिथेही मशाल आहे: एक शेतकरी आणि एक कामगार, दोघांनी मिळून धरलेली. बाबा त्या शेतकऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. आमचा जिल्हाही १ मेलाच झाला, १९९९ मध्ये, भंडाऱ्यातून फुटून. पण विदर्भातल्या माणसाच्या मनात १ मेबद्दल जे मिश्र असतं ते इथे काढत बसत नाही. मला फक्त इतकंच जाणवलं की या रस्त्यावर सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त अर्थ असलेला दिवा हा होता, आणि तो दगडाचा होता.

बाबांचा फोन वाजला तो ओव्हल मैदानाच्या कठड्याजवळ. एका बाजूला राजाबाई टॉवर पिवळसर, शांत उजळलेला (या रात्रीतलं सगळ्यात चांगलं काम, सावल्या जागच्या जागी), दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. हे दोन्ही मिळून २०१८ पासून वारसा यादीत आहे. फोन काकांचा. उन्हाळी धानाची रोवणी नुकतीच झालेली, बांधीत पाणी हवं, आणि शेतीच्या लाईनची पाळी या आठवड्यात रात्रीची. साडेदहाला लाईन आली, मोटार सुरू केली, पण बांधाजवळ काहीतरी खसफसतंय, म्हणून काका मोठ्याने बोलत राहण्यासाठी फोन करत होते. नागझिरा आमच्या गावापासून लांब नाही. रात्री बांधीवर जाणारा माणूस आमच्याकडे बॅटरी, काठी आणि बोलायला कुणीतरी, अशा तीन गोष्टी घेऊन जातो. बाबा दहा मिनिटं बोलत होते. कशावर? मुंबईत काय काय उजेड आहे यावर.

इथे मला सोपं वाक्य टाकता आलं असतं. गोंदिया जिल्ह्यातच तिरोड्याला ६६० मेगावॅटचे पाच संच, ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. तिथून ७६५ केव्हीच्या तारा पश्चिमेकडे निघतात. म्हणजे आमची वीज आणि मुंबईचा झगमगाट! व्हॉट्सअ‍ॅपवर हे छान चालतं. पण खरं नाही. दक्षिण मुंबईत वीज विकते बेस्ट, आणि ती वर्षानुवर्षं प्रामुख्याने टाटांकडून घेत आली आहे. सीएसएमटीचे दिवे विझवले तर काकांची लाईन दिवसा येणार नाही. एवढा हिशेब मला येतो. तरीही एक गोष्ट राहते. एका राज्यात दोन ठिकाणी रात्री वीज लागते, आणि एका ठिकाणी ती कितीला, कुठल्या रंगात, किती सेकंद लागावी हे ठरवायला माणूस नेमलाय.

मरीन ड्राइव्हला पोचेपर्यंत अकरा वाजले. तिथल्या दिव्यांची गोष्ट वाचकांना माहीत असेल: २०१५ मध्ये जुने पिवळे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले, तर गदारोळ झाला, राजकारण झालं, आणि पुन्हा पिवळसर उजेड आणावा लागला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि एलईडीच्या बाजूने तावातावाने भांडलो होतो. वीज वाचते, विषय संपला. आता तिथे बसल्यावर वाटतं, भांडणारे बरोबर होते. वीज एलईडीने वाचते, रंगाने नाही. उबदार एलईडीही वाचवतोच. आणि क्वीन्स नेकलेस कुणी 'सजवलेला' नाही. ते रस्त्यावरचे दिवे आहेत, त्यांचं काम रस्ता दाखवणं आहे. किनाऱ्याच्या वळणामुळे हार दिसतो, इतकंच. बाबांनी पुन्हा एकेक डोळा झाकून पाहिलं. पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखंच दिसलं.

"हे बरा आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेसला सोडायला गेलो. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट मागच्या अंगाला आहेत. गोंदियाला जाणाऱ्या माणसाला स्टेशनचा तो रंगीत चेहरा दिसायचं कारणच नसतं. गाडी सुटायच्या आधी मी त्यांना पेंचबद्दल सांगितलं, की जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातलं ते जंगल देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालंय, आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवलेत, आणि लोक पैसे देऊन अंधार बघायला येतात.

"पैसे देऊन?" बाबांनी विचारलं. "मंग आपल्या बांधीवर पाठव त्यायले. मोटारही पाहतील."

परवा रात्री पावणेबाराला त्यांचा फोन आला. लाईन आली होती. मागे मोटारीचा आवाज होता आणि बाबा मोठ्याने बोलत होते, मी काहीही बोललो तरी चाललं असतं. मी त्यांना दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख सांगितली.